तळ्यातील माशांची शिरगणती

‘पाण्यात म्हैस, बाहेर मोल’ अशी आपल्याकडे म्हण आहे. न पाहिलेल्या वस्तूची किंमत ठरवू नये, असा तिचा अर्थ आपण शाळेत शिकतो. परंतु ज्यांचे पोटच पाण्यावर आहे त्यांना हे मोल रोज करावे लागते. म्हैस निदान श्वास घ्यायला डोके वर काढते. मासा, मरळीसारखा एखादा सोडला तर, तेवढेही करीत नाही. मग तळ्यात मासे किती आहेत हे ठरवायचे कसे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाचा माझा अभ्यास दहावीपुरताच. तेव्हा काही चुकले तर प्राध्यापकांनी सांभाळून घ्यावे.

हा विषय मला का सुचला ते आधी सांगते. आमचे घर भोयांचे. वडील आणि चुलते गावाजवळच्या धरणाच्या पाण्यावर जाळी टाकतात. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आठवीत असल्यापासून मच्छीमार संस्थेच्या काट्यावरची वही मी लिहिते. तारीख, नाव, कटला किती किलो, रोहू किती, मृगळ किती, चिलापी किती, असे रकाने आहेत. गेल्या उन्हाळ्यात संस्थेची बैठक झाली. मासा कमी झाला, बारीक आसाची जाळी बंद करा, असे काहींचे म्हणणे. मासा आहे तेवढाच आहे, पाणी जास्त म्हणून सापडत नाही, असे दुसऱ्यांचे. शब्दाने शब्द वाढला. तेवढ्यात कोणीतरी म्हणाले, “भांडता कशाला? पोरीची वही काढा.” मी वही वाचली. एकूण वजन मागील वर्षाइतकेच निघाले. एक बाजू खूश झाली. तेव्हा माझे चुलते शांतपणे म्हणाले, “वजन तेवढंच हाय, पर जाळी किती वाढली ते लिवलंय का?”

ते लिहिलेले नव्हते. बैठक निर्णयाविनाच उठली. सहा वर्षे मी लिहिलेल्या वहीला एका साध्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही, याची मला लाज वाटली. कॉलेज सुरू झाल्यावर मी हा प्रश्न भूगोलाच्या सरांना सांगितला. त्यांनी ग्रंथालयाकडे बोट दाखविले. त्या वाचनातून हा लेख तयार झाला.

मोजणे आणि अजमावणे

लहान शेततळे असेल तर पाणी उपसून एकेक मासा मोजता येतो. मोठ्या सरोवरात हे अशक्य. तेथे मोजदाद होत नाही, अंदाज होतो. परंतु अंदाज म्हणजे मनाला येईल तो आकडा नव्हे. शिजलेल्या भाताचे एक शीत चेपून आई सगळ्या भाताची परीक्षा करते. ते शीत मात्र पातेल्याच्या कोणत्या भागातून घेतले यावर बरेच अवलंबून असते. वरचे शीत शिजलेले आणि बुडाचे करपलेले, असेही होते. अर्थशास्त्राच्या तासाला आपण ज्याला नमुना निवड म्हणतो ती हीच. सरोवरातील माशांचा नमुना घेण्याची मुख्य साधने दोन: जाळे आणि ध्वनी. पहिले आपल्या ओळखीचे आहे, म्हणून तेथून आरंभ करू.

जाळ्याची साक्ष

आपल्याकडे तंगुसाचे जे जाळे पाण्यात उभे लावतात त्याला इंग्रजीत गिल नेट म्हणतात. गिल म्हणजे कल्ले. वरच्या दोरीला बोये आणि खालच्या दोरीला शिसे लावल्यामुळे ते पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. माशाचे डोके आसातून, म्हणजे जाळ्याच्या घरातून, आत शिरते; पोट अडते; मागे सरकू गेला की कल्ल्यांच्या झाकणात दोरा अडकतो. आसापेक्षा बारीक मासा सरळ पलीकडे निघून जातो. फार मोठ्या माशाचे डोकेच आत शिरत नाही. तो धडकून परततो. म्हणजे एका आसाचे जाळे एका ठराविक मापाचेच मासे पकडते. अशा जाळ्यात आलेले मासे पाहून ‘तळ्यात एवढ्याच मापाचे मासे आहेत’ असे म्हणणे म्हणजे चाळणीवर राहिलेले पाहून सगळ्या पिठाचा निकाल देणे होय.

यावर उपाय म्हणून युरोपात एक प्रमाण जाळे वापरतात. ते ३० मीटर लांब व दीड मीटर उंच असते. त्यात १२ निरनिराळ्या आसांचे तुकडे शेजारी शेजारी जोडलेले असतात. सर्वांत लहान आस गाठीपासून गाठीपर्यंत ५ मिलिमीटर आणि सर्वांत मोठा ५५ मिलिमीटर. मधले आस असे निवडलेले असतात, की लहानाकडून मोठ्याकडे जाताना प्रत्येक आस आधीच्याच्या सुमारे सव्वापट येतो. जाळी संध्याकाळी लावून सकाळी काढतात. उथळ, मध्यम आणि खोल अशा निरनिराळ्या थरांत ती किती लावायची हे ठरलेले असते, आणि जागा चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवडतात. भरपूर मासे मिळणारी हमखास जागा येथे निवडायची नसते! आमच्या वडिलांना हे सांगितले तेव्हा त्यांना हसू आवरेना. परंतु त्यामागील हेतू सरळ आहे. मच्छीमाराला मासा हवा असतो. मोजणाऱ्याला तळ्याचे खरे चित्र हवे असते. ही पद्धत २००५ साली युरोपीय प्रमाण म्हणून ठरविली गेली. तिचा लाभ असा, की एका देशातील सरोवराची दुसऱ्या देशातील सरोवराशी आणि यंदाची दहा वर्षांपूर्वीच्या वर्षाशी तुलना करता येते.

तरीही जाळे केवळ ‘एका रात्रीत एका जाळ्याला किती’ एवढेच सांगते. थंडीत मासा सुस्त असतो, फिरत नाही, म्हणून जाळ्यात कमी येतो. तळ्यात तो कमी झालेला असतोच असे नाही.

खूण करून सोडणे

एकूण संख्या काढण्याची एक जुनी युक्ती आहे. काही मासे पकडावेत, त्यांच्यावर खूण करावी आणि परत सोडावेत. ते इतरांत मिसळल्यावर पुन्हा जाळे टाकावे आणि खुणेचे किती आले ते पाहावे. समजा, २०० मासे खूण करून सोडले. नंतर १५० पकडले, त्यात १० खुणेचे निघाले. म्हणजे पकडलेल्यांत पंधराव्या हिश्श्याला खूण आहे. तोच हिस्सा सगळ्या तळ्याला लावला, तर २०० हा एकूण माशांचा पंधरावा हिस्सा ठरतो; म्हणून एकूण मासे ३०००. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ पीटरसन यांनी १८९० च्या दशकात माशांवर खुणा करून अभ्यास केला. त्यांच्याच नावाने ही पद्धत ओळखली जाते.

हिशेब सोपा वाटला, तरी त्याच्या अटी कठीण आहेत. खूण पुसली जाता कामा नये. खूण केलेला मासा त्यामुळे मरता कामा नये. मधल्या काळात बाहेरचा मासा आत येता कामा नये. आणि एकदा सापडलेला मासा जाळ्याला घाबरून दूर राहता कामा नये. शिवाय वरील उदाहरणात १० ऐवजी ५ च खुणेचे मासे आले असते, तर उत्तर ३००० चे एकदम ६००० झाले असते. पाच माशांच्या योगायोगावर तीन हजारांचा फरक! म्हणून एकदाच न करता अनेक वेळा खुणा करायच्या आणि अनेक वेळा पकडायचे, अशी सुधारणा पुढे झाली. १९३८ साली झोई श्नाबेल या अमेरिकन गणितज्ञ बाईंनी तिचे गणित मांडले. त्यांच्या लेखाचा विषयच ‘सरोवरातील एकूण माशांचा अंदाज’ असा होता. एक मुलगी म्हणून ही नोंद येथे करताना मला आनंद वाटतो.

उतरत्या भाजणीचा हिशेब

तिसरी पद्धत मला सर्वांत जवळची वाटली, कारण तिला फक्त वही लागते. लहान, बंद तळ्यात तीच जाळी, तितकाच वेळ, रोज लावली आणि पकडलेले मासे परत सोडले नाहीत, तर मिळकत हळूहळू उतरते. समजा, पहिल्या दिवशी १०० मासे आले, दुसऱ्या दिवशी ८०, तिसऱ्या दिवशी ६४. प्रत्येक दिवशी मिळकत आदल्या दिवसाच्या चार पंचमांश झाली. याचा अर्थ, जाळी रोज शिल्लक माशांपैकी पाचवा हिस्सा काढतात. पहिल्या दिवशीचे १०० हा पाचवा हिस्सा असेल, तर आरंभी ५०० मासे होते. पडताळा पाहा: ५०० तून १०० गेले, ४०० उरले, त्यांचा पाचवा हिस्सा ८०. ते गेल्यावर ३२० उरले. त्यांचा पाचवा हिस्सा ६४. हिशेब जुळला.

प्रत्यक्षात आकडे इतके गुण्यागोविंदाने वागत नाहीत. पण या हिशेबाचा कणा एकच आहे, आणि तो म्हणजे ‘तीच जाळी, तितकाच वेळ’. दुसऱ्या दिवशी कोणी आणखी चार जाळी लावली आणि ते लिहिले नाही, तर ८० चे १०० होतील आणि तळ्यात मासा कमीच झाला नाही असे वाटेल. आमच्या बैठकीत नेमके हेच झाले होते. मिळकत आहे, पण त्यासाठी केलेली मेहनत लिहिलेली नाही. शास्त्रज्ञ ‘दर मेहनतीमागे मिळकत’ असा शब्दप्रयोग करतात. चुलत्यांनी तो न वाचताच विचारला होता.

आवाजाने पाहणे

आता दुसऱ्या साधनाकडे वळू. त्याचे नाव सोनार. हा शब्द मी वसतिगृहात उच्चारला तेव्हा मैत्रिणींना वाटले, की सोनाराच्या दुकानाची गोष्ट आहे! वास्तविक ‘साउंड नॅव्हिगेशन अँड रेंजिंग’ या इंग्रजी शब्दांतून हे नाव बनले आहे. ध्वनीच्या साहाय्याने दिशा आणि अंतर ओळखणे, असा त्याचा भावार्थ.

पाण्यात प्रकाश फार खोल जात नाही. गढूळ पाण्यात तर हातभरही नाही. ध्वनी मात्र पाण्यात हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. हा वेग मोजण्याचा प्रसिद्ध प्रयोग एका सरोवरातच झाला. १८२६ साली कोलाडाँ आणि स्टुर्म या दोघांनी जिनिव्हा सरोवरात दोन नावा एकमेकींपासून सुमारे साडेतेरा किलोमीटर अंतरावर उभ्या केल्या. एका नावेखाली पाण्यात घंटा टांगली होती. घंटा वाजताच त्याच क्षणी वर दारूचा भडका उडे. दुसऱ्या नावेतील माणूस भडका पाहून घड्याळ सुरू करी आणि पाण्यात बुडविलेल्या नळीला कान लावून घंटेची वाट पाही. ध्वनी पोहोचायला साडेनऊ सेकंदांच्या आसपास वेळ लागला. त्यावरून वेग सेकंदाला १४३५ मीटर निघाला. आजच्या अचूक मोजमापाशी तो जवळजवळ जुळतो.

पुढे पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्याची निकड निर्माण झाली. फ्रान्सचे पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकाचा उपयोग करून पाण्यात ध्वनी सोडण्याचे व त्याचा प्रतिध्वनी टिपण्याचे तंत्र विकसित केले. युद्धासाठी जन्मलेले हे साधन लवकरच माशांकडे वळले. १९३५ साली नॉर्वेचे ऑस्कर सुंड यांनी लोफोटेन बेटांजवळील कॉड माशांच्या थव्यांचे ध्वनिचित्र ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पाण्याखालचे थवे कागदावर उमटलेले पाहून त्या काळच्या वाचकांना काय वाटले असेल, याची कल्पनाच करावी.

मासा प्रतिध्वनी देतो तो मुख्यतः त्याच्या पोटातील हवेच्या पिशवीमुळे. तिला वाताशय म्हणतात. मासा साफ करताना जी पांढरी, फुगलेली पिशवी निघते तीच ही. आम्ही लहानपणी ती पायाखाली फोडून ‘फट्’ असा आवाज काढत असू. माशाचे मांस बरेचसे पाण्यासारखेच असल्याने ध्वनी त्यातून आरपार जातो. पण पाणी आणि हवा यांच्या सीमेवर तो जोराने परततो. ज्या माशांना वाताशय असते त्यांच्या प्रतिध्वनीचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग या पिशवीचा असतो. ज्या पिशवीच्या बळावर मासा पाण्यात तरंगतो तीच त्याची चुगली करते, असे म्हणायला हरकत नाही.

प्रतिध्वनीवरून आकडा

नावेखाली बसविलेले यंत्र सेकंदाला अनेक वेळा ध्वनीचा ठोका खाली पाठविते. माणसाला तो ऐकू येत नाही, कारण त्याची कंपने सेकंदाला हजारोंनी, पुष्कळदा लाखाच्या वर असतात. ठोका परत यायला किती वेळ लागला यावरून खोली कळते. मासा १५ मीटर खोल असेल तर जाऊन-येऊन ३० मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर धरला तर सेकंदाचा पन्नासावा भाग. प्रतिध्वनी किती जोराचा यावरून माशाच्या लांबीचा अंदाज येतो. साधारणपणे लांबी दुप्पट झाली की प्रतिध्वनीची शक्ती चौपट होते.

संख्येचे गणित असे. ध्वनीचा झोत विजेरीच्या झोताप्रमाणे खाली रुंदावत जातो. तो सात अंशांचा असेल तर १० मीटर खोलीवर त्याची रुंदी सुमारे १.२ मीटर होते. नाव सरळ रेषेत एक किलोमीटर गेली, तर त्या झोताने १० मीटर खोलीपर्यंतचे सुमारे ६००० घनमीटर पाणी तपासले. त्यात समजा ६० माशांचे प्रतिध्वनी आले, तर दर १०० घनमीटरला एक मासा झाला. सरोवराच्या त्या थरात ५० लाख घनमीटर पाणी असेल तर तेथे अंदाजे ५०,००० मासे आहेत. अर्थात एका रेषेवर भागत नाही; सरोवरावर आडव्या अनेक रेषा आखून नाव फिरवितात. मासे दाट थव्यात असतील तर एकेक मोजता येत नाही. तेव्हा थव्याच्या एकूण प्रतिध्वनीला एका माशाच्या प्रतिध्वनीने भागतात. अनेक जातींचे मासे दिवसा थव्याने राहतात आणि रात्री पांगतात. म्हणून ही पाहणी पुष्कळदा रात्री करतात.

इतके असूनही सोनारचे काही दोष आहेत. नावेच्या अगदी खाली झोत अरुंद असल्याने वरच्या थरातील मासे त्याला फारसे दिसत नाहीत. तळाला चिकटून असलेला मासा तळाच्या मोठ्या प्रतिध्वनीत बुडून जातो. काठच्या गवतात नाव जात नाही. चिखलातून निघालेले वायूचे बुडबुडे, एवढेच काय, अंगात हवेच्या बारीक पिशव्या असणाऱ्या काही किड्यांच्या अळ्याही माशांसारख्या भासू शकतात. आणि सर्वांत मोठा दोष असा, की सोनार जात सांगत नाही. वीस सेंटिमीटरचा रोहू आणि वीस सेंटिमीटरचा मृगळ यांत त्याला भेद कळणे फार कठीण. त्यासाठी जाळेच टाकावे लागते. सोनारने ५०,००० मासे सांगितले आणि जाळ्यात त्याच थरातून शंभरात ६० एका जातीचे, ४० दुसऱ्या जातीचे आले, तर अनुक्रमे ३०,००० आणि २०,००० असा अंदाज बांधता येतो. अर्थात दोन्ही जाती जाळ्यात सारख्याच सहजतेने अडकतात का, हे तपासावे लागते. थोडक्यात, ध्वनी ‘किती’ ते सांगतो आणि जाळे ‘कोण’ ते सांगते. दोघांची साक्ष जुळली तर निकाल भरवशाचा.

विंडरमियरची वही

या सर्व पद्धती एकाच ठिकाणी पाहावयाच्या असतील तर इंग्लंडमधील विंडरमियर सरोवराकडे जावे. ते इंग्लंडमधील सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर. लांबी सुमारे १७ किलोमीटर, सर्वाधिक खोली ६४ मीटर. १९२९ साली स्थापन झालेल्या फ्रेशवॉटर बायॉलॉजिकल असोसिएशनने त्याच्या काठी काम सुरू केले. दुसऱ्या महायुद्धात अन्नाची टंचाई होती. तेव्हा १९४१ पासून तारेच्या जाळीचे सापळे लावून तेथील पर्च जातीचे मासे मोठ्या प्रमाणावर पकडले गेले. ते डब्यात भरून ‘पर्चिन्स’ या नावाने विकले जात. १९४४ पासून पाइक या मोठ्या शिकारी माशासाठी हिवाळ्यात रुंद आसाची जाळी लावू लागले. पाइक कमी केला तर इतर चांगले मासे वाढतील, अशी अपेक्षा होती.

युद्ध संपले, डबे बंद झाले; पण सापळे आणि जाळी बंद झाली नाहीत. त्याच पद्धतीचे सापळे, त्याच जागा, वर्षाचा तोच काळ. दशकांमागून दशके गेली, तरी ही नोंद चालू राहिली. तिचे मोल १९७६ साली कळले. त्या वर्षी पर्चमध्ये रोगाची साथ आली आणि सुमारे ९८ टक्के प्रौढ पर्च मेले. मेलेले मासे तरंगताना सर्वांनाच दिसतात. परंतु शंभरातले अठ्ठ्याण्णव गेले, हे सांगायला साथीपूर्वी किती होते ते माहीत असावे लागते. ते केवळ वहीमुळे माहीत होते.

पुढे १९९० च्या दशकापासून याच सरोवरात सोनारची पाहणी नियमितपणे होऊ लागली. तेथे खोल, थंड पाण्यात आर्क्टिक चार नावाचा मासा राहतो (ही संख्या नव्हे, माशाचेच नाव). हिमयुगानंतर तो तेथे राहून गेला, असे मानतात. सांडपाण्यातील फॉस्फरसमुळे शेवाळ वाढले, ते कुजून खोल पाण्यातील प्राणवायू घटला. पाणीही तापू लागले, आणि रोच नावाचा ऊबदार पाण्याचा मासा वाढला. केवळ सोनारवर भरवसा ठेवला असता, तर सरोवरात मासे पुष्कळ आहेत असेच वाटले असते. जाळ्यांनी सांगितले, की ते मासे बदलले आहेत; चार घटला आहे आणि रोच वाढला आहे. १९९२ पासून सांडपाण्यातील फॉस्फरस काढण्याची व्यवस्था करण्यात आली. तरी चारवरील संकट पूर्णपणे टळले असे नाही.

शून्याचा अर्थ

त्याच भागात बॅसनथ्वेट नावाचे दुसरे सरोवर आहे. तेथे व्हेंडेस नावाचा अत्यंत दुर्मिळ मासा असे. २००१ नंतर तो सापडेना. वर्षामागून वर्षे पाहण्या झाल्या, हाती शून्यच आले. या सरोवरातून तो नाहीसा झाला, असे मानले गेले. आणि २०१३ साली जाळ्यात एक छोटा व्हेंडेस आला! एकच. परंतु त्या एका माशाने पाहणीच्या शून्याचा खरा अर्थ सांगितला. ‘सापडला नाही’ आणि ‘नाही’ ही दोन वाक्ये निरनिराळी आहेत. कोर्टात जसे, तसे पाण्यातही.

या शास्त्राचा संबंध केवळ दुर्मिळ माशांशी आहे असे समजू नये. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवर सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटरचे. केनिया, युगांडा आणि टांझानिया यांच्यात वाटलेले. १९५० च्या दशकात तेथे नाइल पर्च हा मोठा मासा बाहेरून आणून सोडला गेला. आज लाखो माणसांची चूल त्यावर चालते. तीन देशांनी मिळून मत्स्यव्यवसायासाठी १९९४ साली एक संघटना उभारली, आणि तेथेही सोनार व जाळी यांनी माशांचा अंदाज घेतला जातो. गंमत अशी, की नाइल पर्चचे वाताशय परदेशी बाजारात मांसापेक्षा कितीतरी महाग विकले जाते. यंत्राला जे सापडते तेच व्यापाऱ्यालाही हवे असते.

पुन्हा आपल्या पाण्याकडे

सोनार आमच्या संस्थेला परवडणारे नाही, आणि ते आणा असे सुचविण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. या अभ्यासातून मला एक साधी गोष्ट उमगली. विंडरमियरचे मोठेपण यंत्रात नाही. सोनार तेथे उशिरा आले. त्याआधी जवळजवळ पन्नास वर्षे सापळा, जाळे आणि वही एवढीच सामग्री होती. मात्र ती वही पूर्ण होती. किती मासे आले याबरोबरच ते कशाने, कोठे आणि किती वेळात आले, हेही तिच्यात होते.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी गेले तेव्हा संस्थेच्या वहीत तीन नवे रकाने आखले: जाळी किती, आस केवढा, आणि जाळे किती तास पाण्यात होते. आबांनी पाहिले आणि म्हणाले, “आता हे बी लिवायचं व्हय?” मी त्यांना १००, ८० आणि ६४ चा हिशेब जमिनीवर रेघा ओढून सांगितला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मासे काट्यावर ठेवताना, मी विचारण्याआधीच त्यांनी सांगितले, “सात जाळी. चार मोठ्या आसाची, तीन बारीक. कालच्या दिवेलागणीपासनं.” ती तीन बारीक जाळी आपलीच आहेत, हे त्यांनी चारचौघांत सांगितले, याचे मला विशेष वाटते. मी कॉलेजला परत आल्यापासून माझा धाकटा भाऊ ते रकाने भरतो आहे.

बैठकीतला वाद अजून मिटलेला नाही. एका वर्षाच्या नोंदीवरून तो मिटणारही नाही. कोणाची बाजू खरी हे कळायला आणखी तीन-चार वर्षे तरी लागतील. कदाचित बारीक जाळी बंद करावी लागतील, आणि त्याचा फटका आधी आमच्याच घराला बसेल. परंतु तो निर्णय होईल तेव्हा कोणाचा आवाज मोठा यावर होऊ नये, एवढीच इच्छा आहे. म्हैस पाण्यात असेल तरी हरकत नाही. निदान मोल करणाऱ्यांच्या हातात खरी वही असावी.

— द्वितीय वर्ष, कला शाखा